बरणीतली पूड

माझं नाव आनंदी. पणजीचं नाव आहे, ठेवताना मला कुणी विचारलं नाही. स्वभावाने मी जळकी आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाला धक्का बसायला नको. सगळ्यांवर मात्र मी जळत नाही. जावेने बाणेरला फ्लॅट घेतला, शेजारणीची मुलगी अमेरिकेला गेली, मला काही झालं नाही. मी जळते एकाच बाईवर. तिचं नाव डॉ. अस्मिता रणपिसे, आणि हे काम मी गेली सतरा वर्षं सुट्टी न घेता करत आले आहे.

म्हणून एप्रिलच्या सुरुवातीला तिचा फोन आला आणि ती म्हणाली, "आनंदी, आमच्या वड्या होत नाहीयेत गं. आठ महिने झाले," तेव्हा माझ्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. मी आवाज जरा खाली आणला आणि म्हटलं, "अगंबाई, असं कसं?"

वड्या खोबऱ्याच्या नव्हेत. मोबाइलच्या किंवा स्कूटरच्या बॅटरीत एक द्रव असतो. लिथियम त्या द्रवातून इकडून तिकडे जातं-येतं, म्हणून बॅटरी चालते. तोच द्रव कधीतरी पेट घेतो आणि मग भर रस्त्यात स्कूटर जळल्याच्या बातम्या येतात. तो द्रव काढून टाकायचा आणि त्याच्या जागी दगडासारखा टणक पदार्थ घालायचा, पण असा, की त्यातून लिथियम तितक्याच सहज चाललं पाहिजे. अस्मिताचा आणि माझा धंदा एवढाच. पांढरी पूड साच्यात दाबून रुपयाएवढी वडी पाडायची, ती भट्टीत हजार अंशांच्या वर भाजायची आणि तिच्यातून लिथियम किती सहज जातं ते मोजायचं. सांगायला दोन मिनिटं लागतात. करायला आयुष्य जातं.

अडचण अशी, की एवढ्या उष्णतेत लिथियम उडून जातं आणि वडी निकामी होते. म्हणून मुशीत वडी ठेवताना तिच्या खाली-वर त्याच पदार्थाची सुटी पूड पसरतात. उडायचं ते लिथियम त्या पुडीतलं उडतं, वडीतलं वाचतं. या पुडीला आमच्या धंद्यात आईची पूड म्हणतात. भाजून झालं की सगळीकडे ती फेकून देतात.

आमच्याकडे फेकत नसत. आमचे मार्गदर्शक श्यामसुंदर नेने सर हे चहाची गाळलेली पावडर कुंडीत घालणारे गृहस्थ. "पूड टाकायचीच असेल तर उद्यापासून तिच्यातलं महागडं लॅन्थॅनम घरून आणत चला," असं ते पहिल्याच दिवशी म्हणाले. वापरलेली पूड एका मोठ्या काचेच्या बरणीत परत जायची. कमी झाली की तिच्यात थोडी नवी मिसळायची, की पुढच्या खेपेला तयार. सर तिला विरजण म्हणत. प्रयोगशाळेत जेवढे विद्यार्थी होते त्या सगळ्यांची मिळून एकच बरणी होती.

दोन हजार आठ साली अस्मिता आणि मी एकाच दिवशी सरांकडे रुजू झालो. ती येरवड्याची. वडील सरकारी छापखान्यात, आणि घरातली पहिली पदवी तिची. मी पेठेतली, घरात बाबा, काका, आजोबा सगळे मास्तर. प्रवेशाच्या यादीत ती पहिली होती आणि मी दुसरी. पुढे एकदा तिच्याविषयी बोलणं निघालं तेव्हा माझी नणंद म्हणाली, "त्यांचं काय बाई, त्यांना सगळं आयतं मिळतं." त्या क्षणी मला इतकं बरं वाटलं की विचारू नका. पण ती यादी मी माझ्या डोळ्यांनी पाहिली होती, आणि ती सगळ्यांची मिळून एकच यादी होती. नणंदेला मी तसं सांगितलं नाही. आमटी अजून हवी का, एवढंच विचारलं.

मी काळजीपूर्वक काम करणारी. ती धडाधड काहीतरी करून बघणारी. माझ्या वड्या गुळगुळीत, एकसारख्या यायच्या. सर म्हणायचे, "आनंदीबाई, तुमचं काम नीटनेटकं असतं." अक्षर चांगलं आहे म्हणावं तसं म्हणायचे. अस्मिताच्या वड्या तडकायच्या, वाकायच्या, कधी मुशीला चिकटून बसायच्या. तिला सर म्हणायचे, "हे काय नवीन काढलंत?" आणि मग स्टूल ओढून तिच्याजवळ तासभर बसायचे. माझ्याकडे ते स्टूल कधी आलं नाही.

पुढे ती जर्मनीला गेली, मग जपानला. मी इथेच राहिले. मुलगा लहान होता, सासूबाई होत्या, सरांच्याच संस्थेत कायमची नोकरी लागली होती. कुणी मला अडवलं नव्हतं, हेही सांगते, नाहीतर तुम्हाला उगीच माझी दया यायची. परदेशात परिषदेला गेले की लोक गळ्यातली पट्टी वाचायचे आणि म्हणायचे, पुण्याच्या का, मग अस्मितांना ओळखत असाल. मी म्हणायचे, हो, चांगलंच. चार वर्षांपूर्वी ती परत आली. खराडीला एका कंपनीच्या पैशाने नवं बॅटरी संशोधन केंद्र उभं राहिलं आणि ती त्याची प्रमुख झाली. पेपरात तिचा अर्ध्या पानाचा फोटो आला. सासूबाईंनी तो कापून फ्रिजवर लावला. "तुझीच मैत्रीण ना गं? किती साधी दिसते," असं त्या म्हणाल्या. तेव्हापासून मी रोज सकाळी त्या साध्या बाईच्या नाकासमोरून दूध बाहेर काढते.

माझी बढती दोनदा हुकली. दोन्ही वेळा समितीतल्या माणसांनी माझी कागदपत्रं चाळून एकच प्रश्न विचारला. मॅडम, काम भरपूर आहे, पण यात तुमचं स्वतःचं असं काय? पहिल्या वेळी मी दहा मिनिटं बोलले. दुसऱ्या वेळी दोन मिनिटांत संपलं. तिसरी मुलाखत या जुलैत होती आणि नियमाप्रमाणे तीच शेवटची.

आता बरणीचं सांगते. दोन वर्षांपूर्वी खराडीच्या इमारतीचं काम रखडलं होतं म्हणून अस्मिताने तीन महिने माझी भट्टी मागितली. मी हो म्हटलं; नाही म्हणायला कारण सापडलं नाही. भट्टी दिली, साचे दिले. आईची पूड मागितली तेव्हा मात्र माझा हात आखडला. माझी रोजची बरणी मी सरांनंतर नव्या पुडीने सुरू केलेली, वर्षानुवर्षं जपलेली, तिच्यात हिला कशाला हात घालू द्यायचा? मागच्या फळीवर सरांच्या काळातली जुनी बरणी धूळ खात पडली होती. ती मी फडक्याने पुसली आणि तिच्यापुढे ठेवली. तिने ओळखलीही नाही.

त्या तीन महिन्यांत तिने केलेल्या वड्यांतून लिथियम जसं चाललं तसं आमच्यापैकी कुणाच्याच वडीतून कधी चाललं नव्हतं. तिचा संशोधनाचा पेपर छापून आला, गाजला, कंपनीने पुढच्या पाच वर्षांचा करार केला. पेपरच्या शेवटी आभारात माझं नाव होतं, भट्टी दुरुस्त करणाऱ्या कंपनीच्या लगेच खाली. आणि आता स्वतःच्या केंद्रात, नव्या कोऱ्या भट्ट्यांत, तीच वडी तिला जमत नव्हती.

फोननंतर दोन दिवसांनी ती स्वतः माझ्या प्रयोगशाळेत आली. येताना मार्केट यार्डातून आंब्याची पेटी घेऊन आली, माझ्या सासूबाईंसाठी. सासूबाईंना पायरी आवडतो हेही तिच्या लक्षात होतं. तेवढ्यानेही माझा तिळपापड झाला.

"तुझ्या भट्टीत काही बदललंय का गं?" तिने विचारलं. डोळ्यांखाली काळं आलं होतं.

"सरकारी भट्टी आहे. बंद पडल्याशिवाय काही बदलत नाहीत."

तिने एकेक गोष्ट विचारली. तापमान, मूस, साचा, हवा. सगळं तेच होतं. शेवटी म्हणाली, "आणि आईची पूड?"

"तुम्ही कुठली वापरता?"

"दर वेळी नवी. एकदा वापरली की फेकायची. कंपनीचा नियमच आहे, वापरलेलं काही परत घ्यायचं नाही. पण त्याने काय फरक पडणार? पदार्थ तोच आहे. तुझी आणि आमची पूड सारखीच ना?"

"सारखीच की," मी म्हटलं. "प्रमाण तेच आहे."

ते खरं होतं. माझ्या बरणीतली पूड आणि तिची पूड सारखीच होती. पण मी तिला माझ्या बरणीतली कुठे दिली होती? हे माझ्या डोक्यात त्याच क्षणी आलं, चहा गाळताना. मी चहा गाळत राहिले. तिला साखर कमी लागते, तेवढी घातली. ती चहा पिऊन, माझ्या पाठीवर हात ठेवून गेली आणि मी मागच्या फळीवरून जुनी बरणी खाली काढली. तळाशी चार बोटं पूड होती.

मी एकाच मिश्रणाच्या वड्या पाडल्या. काही नव्या पुडीत भाजल्या, काही माझ्या बरणीतल्या पुडीत, काही जुन्या बरणीतल्या. मोजताना स्क्रीनवर एक कमान उमटते. कमान जितकी लहान, तितका लिथियमचा रस्ता मोकळा. नव्या पुडीची कमान मोठी आली, माझ्या पुडीचीही मोठी. जुन्या बरणीतल्या वडीची कमान इतकी लहान आली की मी तार सुटली की काय ते बघितलं. तार सुटली नव्हती.

म्हणजे त्या पुडीत काहीतरी होतं आणि ते भाजताना वडीत शिरत होतं. तपासायचं यंत्र असं असतं, की जे विचाराल तेवढंच सांगतं. अस्मिताच्या लोकांनी आपल्या चांगल्या वडीत नेहमीची चार मूलद्रव्यं तपासून घेतली असणार. आम्ही सगळे तेच करतो. मी चिमूटभर पूड कागदात बांधली, तपासणी विभागात दिली आणि सांगितलं, काहीही गृहीत धरू नका, जे सापडेल ते सगळं बघा.

अहवाल यायला आठवडा लागणार होता. तो आठवडा माझा फार छान गेला. भाजी निवडताना मी मनात पेपर लिहिला. वर एकच नाव, माझं. समितीतला तो चष्मेवाला विचारतोय, मॅडम, यात तुमचं स्वतःचं काय, आणि मी म्हणतेय, सगळं. फ्रिजवरचा फोटो मी एकदा सरळ करून ठेवला. जाणाऱ्याशी नीट वागावं, असं मला वाटत होतं.

अहवालात नेहमीच्या नावांखाली एक नाव होतं. गॅलियम, अगदी थोडं.

मी तो कागद टेबलावर पालथा ठेवला आणि बाहेर जाऊन वऱ्हांड्यात उभी राहिले. मला पुढचं काही तपासायची गरज नव्हती. आमच्या प्रयोगशाळेत गॅलियमला हात लावणारी एकच बाई होऊन गेली.

तोही एप्रिलच होता. पंखा गरम हवा फेकत होता आणि कपाटातल्या बाटलीतलं गॅलियम आपणहून वितळलं होतं. ते जेमतेम तीस अंशांना वितळतं. अस्मिताने थेंबभर तळहातावर घेतलं आणि सगळ्यांना दाखवत फिरली. तिची हिरवी ओढणी होती, कडेला पिवळी शिवण. तिच्यावर करडा डाग पडला आणि तो कधी गेला नाही. त्या वर्षी तिने वड्यांत गॅलियम घालून बघायचं डोक्यात घेतलं होतं. भरपूर घातलं, आणि तिच्या वड्या एकजात तडकल्या. दोन वर्षांनी सर स्टुलावरून उठले आणि म्हणाले, "अस्मिताबाई, पुरे." तिने तो विषय सोडला. पण तिची वापरलेली पूड, नियमाप्रमाणे, सगळ्यांच्या बरणीत गेली होती. पुढे तिच्यात इतकी नवी पूड पडत गेली, की गॅलियम नावापुरतं उरलं. आणि नावापुरतंच लागत होतं.

मी माझ्या बरणीत, माझ्या भट्टीत, माझ्या सोळा-सतरा वर्षांच्या कामात शोधून शोधून एक गोष्ट काढली, तर तिथेही तीच बसलेली. मला अक्षरशः रडू आलं.

मग वाटलं, हे कुणाला माहीत आहे? तिने त्या वड्यांचं कधी काही छापलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी बिबवेवाडीला सरांकडे गेले. ऐंशी जवळ आली आहे, ऐकू कमी येतं, पण जीभ शाबूत आहे.

"सर, आपल्याकडे कुणी गॅलियमवर काम केलं होतं का?"

"गॅलियम? आपल्याकडे?" सर म्हणाले. "आपल्याकडे ब्रश धुवून वापरत होतो बाई. गॅलियम कुठलं?" मग जरा वेळाने म्हणाले, "ती बरणी फेकली नाहीत ना?"

"नाही सर."

"शहाण्या आहात."

सर विसरले होते. अस्मिताला आठवत असतं तर तिने आठ महिने डोकं आपटलं नसतं. म्हणजे जगात एकट्या मला माहीत होतं. मी फक्त गप्प बसायचं होतं आणि गॅलियम माझं होणार होतं.

त्या आठवड्यातच तिचा फोन आला. "आनंदी, मी पेपर मागे घेतेय," ती म्हणाली. "सोमवारी पत्र पाठवणार. कंपनीलाही सांगणार."

"अगं, घाई कशाला करतेस?"

"घाई नाही. आठ महिने थांबले. हे बघ, तुझी वडी दुसऱ्या कुणाला जमली नाही तर लोक म्हणतील, बाईंचं काहीतरी चुकलं असेल. माझ्याबद्दल चुकलं म्हणणार नाहीत. मुद्दाम केलं म्हणतील. वाटच बघत असतात. त्याआधी मीच बोललेलं बरं."

मला नणंदेची आमटी आठवली. अस्मिता खोटं बोलत नव्हती हे मला माहीत होतं, आणि वाट बघणाऱ्यांत मीही होते. फक्त माझं कारण वेगळं होतं, निदान मी तसं समजत होते.

तिने पेपर मागे घेतला की रान मोकळं होणार, आणि मग माझा पेपर येणार. विचार केला की छान होतं सगळं. पण तो विचार मला पचेना. एखाद्या बाईवर सतरा वर्षं जळायचं आणि तिला लोकांनी लबाड ठरवून मोडीत काढायचं, हे माझ्या जळण्याला शोभणारं नव्हतं. मी जळत होते ते ती खरी होती म्हणून.

रविवारी दुपारी मला तिसरा मार्ग सुचला आणि तो मला फार आवडला. तिला बरणी द्यायची, पण आत काय आहे ते सांगायचं नाही. सगळी नाही, थोडीशी. संपली की ती परत येणार, आंब्याची पेटी घेऊन. मी चमच्याने मोजून देणार. खराडीचं ते काचेचं केंद्र महिन्याच्या महिन्याला माझ्या दारात उभं राहणार. मी अर्धी पूड एका छोट्या बरणीत काढली, झाकण घट्ट लावलं, टॉवेलात गुंडाळली आणि सोमवारी सकाळी स्वारगेटहून खराडीची बस पकडली.

बस येरवड्यावरून गेली. अस्मिताचं घर कुठल्या गल्लीत होतं ते मला अजून माहीत आहे. एकदा तिच्या आईने मला तिथे शेंगोळी खाऊ घातली होती आणि मी घरी येऊन म्हटलं होतं, ठीक होती. ती फार चांगली झाली होती.

केंद्रात बुटांवर पिशव्या घालायला लावतात. अस्मिताच्या खोलीत तिच्या स्क्रीनवर ते पत्र उघडं होतं. मी टॉवेल सोडला आणि बरणी टेबलावर ठेवली.

"ही घे. तुझ्या त्या वड्या या पुडीत भाजल्या होत्यास. माझी रोजची नव्हती, मागची जुनी होती ती. मी करून बघितलं. हिच्यात होतात."

ती बरणीकडे बघत राहिली. मग माझ्याकडे. "खरं सांगतेस?"

"कमान इतकीशी येते," मी बोटांनी दाखवलं.

तिने खुर्चीत मागे टेकून डोळे मिटले. मग म्हणाली, "काय आहे यात?"

"कोण जाणे," मी म्हटलं.

तिने ते पत्र पुसून टाकलं. माझ्यासमोर, एका दमात. मग कोरं पान उघडलं, वर नव्या पेपरचं नाव म्हणून काहीतरी तात्पुरतं लिहिलं, आणि खाली टाइप केलं ते माझं नाव. त्याच्यापुढे स्वल्पविराम देऊन स्वतःचं.

"हे काय करतेस?"

"पहिलं नाव तुझं," ती म्हणाली. "शोधलंस तू. आत काय आहे ते मिळून काढू, पण शोध तुझा. आणि जुलैत तुझी मुलाखत आहे ना? त्याआधी पाठवू. या खेपेला कसे नाही म्हणतात ते बघू."

तिला माझा जुलै माहीत होता. तिने क्षणभरही विचार केला नाही. एवढं सोपं असतं का देणं? मी या बाईला सतरा वर्षांत एक धड बरणी दिली नव्हती आणि ही माझ्या हातात पहिलं नाव ठेवून मोकळी झाली होती. ते फुकटचं, चोरीचं नाव मला घेता आलं असतं. जुलैही निभावला असता. पण कामात ही माझ्या पुढे, नावलौकिकात पुढे, आणि आता मनाच्या मोठेपणातही पुढे? तेवढं मात्र मला बघवेना. मी ताडकन उभी राहिले.

"गॅलियम," मी म्हटलं.

"काय?"

"त्यात गॅलियम आहे. तुझं. सरांनी पुरे म्हटलं होतं ते. तुझी सगळी वाया गेलेली पूड त्या बरणीत आहे."

तिला काही आठवेना. मग मी सांगितलं. तो एप्रिल, कपाटातली बाटली, तळहातावरचा थेंब. हिरवी ओढणी, पिवळी शिवण, करडा डाग. पहिल्या खेपेला तिने किती गॅलियम घातलं होतं, मग किती कमी केलं होतं. वड्या कुठून तडकायच्या. सर कुठे बसले होते आणि पुरे म्हटल्यावर तिने मान खाली घालून मूस कशी धुतली होती. बोलता बोलता मी तिच्या बाजूला गेले, कीबोर्ड माझ्याकडे ओढला आणि नावांची जागा बदलली. तिने माझा हात अडवला नाही. ती ऐकत होती.

"म्हणजे ही बरणी लागणारच नाही," ती हळूच म्हणाली.

"नाही. मिश्रणात चिमूटभर गॅलियम घाल, झालं."

टेबलावरच्या बरणीत आता नुसती पांढरी पूड होती. मी ती परत टॉवेलात गुंडाळायला घेतली. जुलैत चष्मेवाल्यासमोर काय सांगायचं याचा मला काहीही अंदाज नव्हता.

"आनंदी," अस्मिता म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "मी पार विसरले होते गं. सर विसरले. माझ्या आईलाही ती ओढणी आठवणार नाही. तुला हे सगळं इतकं कसं आठवतं?"

"तुझं मला काही विसरताच येत नाही," मी म्हटलं.

तिने उठून माझे दोन्ही हात हातात घेतले आणि कितीतरी वेळ धरून ठेवले. तिला ते प्रेम वाटलं. मी तसं वाटू दिलं.